डीएसएलआर कॅमेऱ्यातील अस्पष्ट छायाचित्रे : कारणे व निदान

आरसा असलेल्या डिजिटल एसएलआर (डीएसएलआर) कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रात कडा धारदार न उमटणे, पापण्या किंवा पिसे यांसारखे बारीक तपशील विरघळल्यासारखे दिसणे, या दोषाला छायाचित्रकार ‘फोटो सॉफ्ट आला’ म्हणतात. कॅमेऱ्याला बसलेला हादरा, विषयाची हालचाल, चुकलेला फोकस, लेन्समधील उणीव, तापलेली हवा, फाइलवरची प्रक्रिया यांपैकी कशानेही तो उद्भवतो. पहिला संशय बहुधा लेन्सवर घेतला जातो आणि बहुधा तीच निर्दोष निघते.

निदानाची सुरुवात बिघडलेल्या छायाचित्रापासूनच करावी. ते संगणकावर १०० टक्के आकारात उघडून आधी एवढेच शोधायचे, की चौकटीत कुठेतरी काही धारदार आहे का. चेहरा धूसर पण कान किंवा मागची भिंत स्वच्छ असेल, तर फोकस भलतीकडे बसला आहे. काहीच धारदार नाही आणि दिव्यांचे ठिपके एकाच दिशेने लांबट झाले आहेत, तर कॅमेरा हलला. ढोल-ताशा पथकाच्या छायाचित्रात ढोल स्पष्ट, पण हात आणि टिपरू पुसट असतील, तर कॅमेरा स्थिर होता, शटर मंद पडले. सगळी चौकट सारखीच मऊ आणि ओढल्याची कुठेच खूण नाही, असे असेल तेव्हाच लेन्स, फिल्टर, अपर्चर (लेन्समधील प्रकाश आत सोडणारे छिद्र) व प्रक्रिया यांच्याकडे वळावे. फाइलमध्ये शटरचा वेग, अपर्चर, आयएसओ (प्रकाशाला दिलेल्या प्रतिसादाची पातळी) व फोकल लांबी (लेन्स किती जवळचे दाखवते त्याचे मिलिमीटरमधील माप) नोंदलेली असते. ती सोबत पाहिली की बरेचसे खटले तिथेच निकाली निघतात.

हादरा व हालचाल. कॅमेरा हातात धरून छायाचित्र घेताना शटरचा वेग फोकल लांबीच्या व्यस्तापेक्षा (एक भागिले फोकल लांबी, सेकंदांत) मंद नसावा, हा फिल्मच्या काळापासूनचा संकेत आहे. एपीएस-सी सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग, फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान आकाराचा) असेल तर फोकल लांबीला आधी १.५ ने, कॅननमध्ये १.६ ने गुणावे लागते. म्हणजे २०० मिमी. लेन्सला १/३०० ते १/३२० सेकंद. आजच्या दाट सेन्सरवरची छायाचित्रे पडद्यावर मोठी करून पाहिली जातात, तेव्हा पोस्टकार्डाएवढ्या प्रतीत कधीच न दिसलेला हादराही उघडा पडतो. त्यामुळे या हिशेबाच्या दुप्पट वेग धरलेला बरा. लेन्समधील स्थिरीकरण हाताचा कंप सावरते, पण समोरच्या मुलाने मान वळवली तर त्याचा काही उपयोग नाही. खेळणाऱ्या मुलांना १/५०० सेकंद लागतो, उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० सेकंदही जास्त होत नाही.

वेग वाढवायचा तर आयएसओ वाढवावा लागतो आणि नवशिके नेमके तिथेच कचरतात. देवळाच्या गाभाऱ्यात किंवा मंगल कार्यालयात आयएसओ ४०० वर अडून बसून १/२० सेकंदाला घेतलेले छायाचित्र गुळगुळीत येते, पण हललेले असते. आयएसओ ३२०० चे दाणे (चित्रातली कणीदार खरखर) नंतर बऱ्यापैकी काढता येतात. हललेला चेहरा मात्र सहसा सुधारत नाही.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. शटर उघडण्यापूर्वी आरसा झटक्याने वर जातो आणि त्याचा धक्का साधारण १/६० ते १ सेकंद या वेगांत, विशेषतः लांब लेन्सवर, चित्रात उतरतो. आरसा आधी वर उचलून ठेवण्याची सोय (मिरर लॉक-अप) किंवा लाइव्ह व्ह्यू (आरसा वर ठेवून मागच्या पडद्यावर चित्र पाहणे) आणि जोडीला २ सेकंदांचा टायमर हा त्यावरचा उपाय. जुन्या लेन्समधील स्थिरीकरण ट्रायपॉडवर बंद करावे. नसलेला कंप सावरण्याच्या नादात ते स्वतःच प्रतिमा हलवू शकते. ताडोबासारख्या जंगलात जिप्सीचे इंजिन चालू असताना तिच्या दांड्यावर टेकवलेली ४०० मिमी. लेन्स अखंड थरथरत असते. इंजिन बंद करायला सांगून लेन्सखाली बीन बॅग (दाण्यांनी भरलेली मऊ पिशवी) ठेवावी, हा तिथला साधा रिवाज आहे. गाडीतले बाकीचेही हलायचे थांबले तर उत्तम.

फोकस. डीएसएलआरचा ऑटोफोकस चुकण्याचे एक कारण त्याच्या रचनेतच आहे. मुख्य आरसा मध्यभागी अर्धपारदर्शक असतो. त्यातून आरपार गेलेला प्रकाश मागच्या छोट्या दुय्यम आरशावरून खाली वळतो आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस-संवेदकावर पडतो. तिथे लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमांमधील अंतर मोजून लेन्स किती व कोणत्या दिशेने फिरवायची ते ठरते. १९८५ च्या मिनोल्टा ७००० या कॅमेऱ्यापासून रुळलेली ही ‘फेज डिटेक्शन’ पद्धत वेगवान आहे. पण छायाचित्र उमटते ते दुसऱ्या ठिकाणी, सेन्सरवर. लेन्सपासून संवेदकापर्यंतची आणि लेन्सपासून सेन्सरपर्यंतची वाट तंतोतंत सारखी नसेल, तर कॅमेरा फोकस झाल्याची खूण देतो आणि डोळ्यांऐवजी नाक (फ्रंट फोकस) किंवा कान (बॅक फोकस) धारदार येतो. दुय्यम आरशाचे महत्त्व कॅननच्या ईओएस-१डी मार्क ३ (२००७) या व्यावसायिक कॅमेऱ्याने जगाला दाखवले. त्याच्या फोकसविषयी तक्रारी आल्यावर कंपनीला अनेक कॅमेऱ्यांतील हाच भाग दुरुस्त करून द्यावा लागला.

तरीही चुकलेल्या फोकसचा पहिला आरोपी वापरणाराच असतो. कॅमेऱ्याला फोकसबिंदू आपोआप निवडू दिला, की तो बहुधा सर्वांत जवळची ठळक वस्तू पकडतो. पक्ष्याऐवजी पुढची काटकी धारदार येते ती यामुळेच. एकच बिंदू निवडला तरी त्याचा खरा आवाका व्ह्यूफाइंडरमधील (डोळा लावून पाहण्याच्या खिडकीतील) चौकोनापेक्षा थोडा मोठा असतो. मधल्या बिंदूने डोळ्यांवर फोकस घेऊन मग चौकट वळवण्याची सवय तर फिल्मच्या जमान्यातली. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमी. एफ/१.८ लेन्सने (एफचा आकडा जितका लहान, तितके अपर्चर मोठे) दीड मीटरवरून पूर्ण उघड्या अपर्चरला घेतलेल्या छायाचित्रात स्पष्टतेची एकूण खोली साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास असते. फोकस घेतल्यावर कॅमेरा १२ अंश वळवला तर फोकसचे प्रतल डोळ्यांच्या सुमारे ३ सेंटीमीटर मागे जाते, म्हणजे डोळे त्या खोलीच्या काठावर येऊन पोचतात. त्यात माणूस किंचित पुढे झुकला की संपले. कडेचा बिंदू निवडणे किंवा अपर्चर एफ/२.८ पर्यंत बंद करणे हे उपाय लेन्स बदलण्यापेक्षा स्वस्त आहेत. व्ह्यूफाइंडरच धूसर दिसत असेल तर त्याच्या शेजारचे डायॉप्टरचे (नजरेनुसार जुळवण्याचे) चाक फिरवावे. त्याचा छायाचित्रावर परिणाम होत नाही, पण हाताने फोकस करणाऱ्याला ते फसवते.

कॅमेरा-लेन्सची जोडीच चुकते का, हे तपासणे घरी जमते. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, भरपूर उजेडात, फोकल लांबीच्या सुमारे पन्नास पट अंतरावर ठळक छपाईचे सपाट पान कॅमेऱ्याला समांतर लावावे. ५० मिमी. लेन्सला हे अंतर अडीच मीटर येते. अपर्चर पूर्ण उघडे ठेवावे. लेन्स मुद्दाम फोकसबाहेर नेऊन व्ह्यूफाइंडरमधून फोकस घ्यावा व छायाचित्र काढावे, मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये. लाइव्ह व्ह्यूत फोकस सेन्सरवरूनच ठरत असल्याने वरची तफावत तिथे उरत नाही. दोन्ही प्रकारांची चार-पाच छायाचित्रे ताडून पाहावी. लाइव्ह व्ह्यूची सतत सरस आली तर फोकसच्या जुळणीत दोष आहे. दोन्ही सारखीच मऊ असतील तर दोष दुसरीकडे शोधावा. पान बाजूला ठेवून तिरपी धरलेली पट्टी वापरली तर फोकस पुढे पडतो की मागे, तेही कळते.

ही जुळणी मेनूतूनच सुधारण्याची सोय २००७ मध्ये कॅननच्या ईओएस-१डी मार्क ३ मध्ये आणि त्याच वर्षी निकॉनच्या डी३ व डी३०० मध्ये आली. उणे २० ते अधिक २० या मापावर प्रत्येक लेन्ससाठी वेगळा आकडा साठवता येतो. स्वस्त कॅमेऱ्यांत ती सहसा नसते. कॅननने तर २०१० च्या ६०डी मधून ती काढूनच टाकली आणि २०१३ च्या ७०डी मध्ये परत आणली. निकॉनचे डी५ आणि डी५०० (२०१६) लाइव्ह व्ह्यूशी ताडून हा आकडा स्वतः सुचवतात. झूम लेन्सच्या दोन टोकांना वेगवेगळी दुरुस्ती लागू शकते, हे विसरू नये. दोन-चार छायाचित्रे मऊ आली म्हणून लगेच हा आकडा बदलू नये. मूळ कारण मंद शटर असेल तर चांगली जुळणी बिघडते. सोय नसलेला कॅमेरा सेवा केंद्रात द्यावा लागतो, तेव्हा लेन्सही सोबत द्यावी.

लेन्स व हवा. बऱ्याच लेन्स पूर्ण उघड्या अपर्चरला किंचित मऊ असतात आणि एक-दोन स्टॉप (प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा) बंद केल्यावर खुलतात. त्यापुढे फार बंद केले की विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने) पुन्हा धार जाते. एफ/१६ ला प्रकाशाचा एक बिंदू सेन्सरवर सुमारे २१ मायक्रोमीटर व्यासाच्या चकतीएवढा पसरतो, तर २४ मेगापिक्सेल एपीएस-सी सेन्सरचा पिक्सेल ४ मायक्रोमीटरहून थोडा लहानच असतो. ‘सगळे स्पष्ट यावे’ म्हणून एफ/२२ ला घेतलेली डोंगररांग त्यामुळेच निराश करते. चौकटीची एकच बाजू नेहमी मऊ येत असेल तर लेन्समधील एखादे भिंग केंद्रातून सरकले असण्याची शक्यता आहे. लांब लेन्सवरचा स्वस्त यूव्ही फिल्टरही (लेन्सपुढची संरक्षक काच) धार घालवू शकतो, म्हणून तो काढून एक छायाचित्र घेऊन पाहावे.

कोकण, मुंबई, गोव्याच्या पावसाळी दमटपणात लेन्सच्या आत बुरशी धरते. सुरुवातीला धार फारशी जात नाही, चित्र फिके पडते. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवले तर बहुतेक निभावते. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर काढलेल्या लेन्सवर दव धरते, ते पुसण्यापेक्षा थांबावे. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि दूरचा वाघ कोणत्याही लेन्सने मऊच येतो. त्यावर सकाळी लवकर जाणे किंवा विषयाच्या जवळ असणे, याखेरीज इलाज नाही.

प्रक्रिया व पाहणे. कच्ची (रॉ) फाइल मुळातच थोडी मऊ असते, कारण बेयर रचनेच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात. अनेक सेन्सरांपुढे बारीक तपशील जाणूनबुजून पसरवणारा फिल्टरही असतो. निकॉनच्या डी८००ई (२०१२) मध्ये त्याचा परिणाम रद्द केला होता. अशा फाइलला धार देणे हा प्रक्रियेचा नेहमीचा टप्पा आहे. उलट जेपीईजीत जास्त आयएसओला कॅमेऱ्याने दाणे पुसताना केस आणि त्वचाही पुसलेली असू शकते. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र १०० टक्के आकारात पाहणे म्हणजे साध्या पडद्यावर दीड मीटरहून रुंद प्रत हातभर अंतरावरून पाहणे. लग्नाच्या अल्बमच्या १२ × १८ इंची पानावर तोच मऊपणा बहुधा जाणवत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत तपासून कोणताच निष्कर्ष काढू नये. ती लहान करून दाबलेली असते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी.