चिपळूणची पूररेषा : पार्श्वभूमी

गोवळकोटच्या धक्क्याला गलबते लागत आणि तेथून माल घाटावर जाई, त्या काळात चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठी आणि शिव नदीलगतच्या सखल भागात वाढली. 1960च्या दशकापासून कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचे पाणी वाशिष्ठीत येऊ लागले. पुढे लोट्याची औद्योगिक वसाहत आणि 1998 साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे यांमुळे घरांची मागणी वाढत गेली.

1966च्या नगररचना अधिनियमानुसार विकास आराखडा तयार करण्याचे काम नगर परिषदेचे आणि अंतिम मंजुरी शासनाची असते. पूररेषा, म्हणजे पुराचे पाणी कुठवर येते ते नकाशावर दाखवणारी रेषा, मात्र पाटबंधारे खाते आखते. बांधकाम परवानगी नाकारली गेली की नागरिक नगर परिषदेत येतात, पण ती रेषा हलवण्याचा अधिकार नगर परिषदेला नसतो.

26 जुलै 2005 च्या महापुरानंतर 16 वर्षांनी, 22 जुलै 2021 रोजी, बाजारपेठ पुन्हा बुडाली आणि त्यानंतर निळी रेषा व लाल रेषा हे शब्द घरोघरी पोहोचले. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने दाखवली जाते, तर 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने. ‘25 वर्षांतून एकदा’ याचा अर्थ आता 25 वर्षे निर्धास्त असा अनेकांनी घेतला, पण तो चुकीचा आहे. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता 4 टक्के असते आणि ती दर पावसाळ्यात तशीच राहते. नदी व निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध क्षेत्र ठरतो, तर निळ्या व लाल रेषांच्या मधल्या नियंत्रित क्षेत्रात जोते लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर उंच ठेवून बांधता येते. ज्या गल्ल्यांत 2021 साली पाणी पहिल्या मजल्याला टेकले, तेथे या नियमाने तळमजल्यावरचे दुकान उरत नाही, आणि चिपळूणच्या पेठेत दुकान व घर बहुधा एकाच छपराखाली असते.

नागरिकांचा आक्षेप मोजमापावर होता. पात्र गाळाने भरलेले असताना आखलेली रेषा शहरात आत सरकणारच, तेव्हा आधी गाळ काढावा आणि मग रेषा आखावी, अशी त्यांची मागणी होती. साखळी उपोषण झाले आणि गाळ उपसण्याचे काम सुरू झाले. ही मागणी रास्त होती. तरीही भरतीच्या वेळी खाडीचे पाणी पुराला अडवते, आणि ती अडचण केवळ उपशाने सुटणारी नाही.

बांधकामांसाठीच्या राज्याच्या 2020च्या एकत्रिकृत नियमावलीने निळ्या रेषेच्या आतील अधिकृत इमारतींच्या पुनर्बांधणीला अटींसह वाट ठेवली आहे. येथे ‘अधिकृत’ हा शब्द आडवा येतो, कारण वडिलोपार्जित घरांच्या परवानगीचा कागद अनेकांकडे नाही, आणि ज्यांच्याकडे होता त्यांतील कित्येकांचा दोन पुरांत भिजून गेला.