दासोह म्हणजे नुसती पंगत नव्हे

बेळगावकडं दासोह म्हटलं की डोळ्यापुढं पहिली पंगत येते, भात, सांबार आणि गव्हाची हुग्गी. जत्रेच्या बोर्डावर वर कन्नडात दासोह आणि खाली मराठीत महाप्रसाद लिहिलेलं असतं, त्यामुळं दोन्ही एकच असं आपण धरून चाललोय. तसं नाहीय ते.

बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणला बसवण्णा आणि त्यांच्या लिंगायत शरणांनी हा शब्द रुजवला, ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती सोडतो. शब्द 'दासोऽहं' वरनं आला असं सांगतात, म्हणजे मी दास. आणि तो एकटा कधी फिरायचाच नाही, जोडीला कायक असायचं, आधी आपल्या हातचं काम आणि मग त्यातलं वाटायचं. सांडलेले तांदूळ वेचून आणणाऱ्या जोडप्याची कथा आहे ना, नवऱ्यानं एक दिवस रोजच्यापेक्षा जास्त आणले तर बायकोनं जादाचे परत टाकून यायला लावलं, ही हाव कुठनं आली म्हणून, आणि रोजच्या मापातच दासोह केला. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत, परतफेडीची आशा न धरता दिलेलं ते सात्त्विक. पण दान म्हटलं की देणाऱ्याचा हात वरच राहतो की, दासोहात देणाराच दास. मला हा फरक फार मोठा वाटतो.

जेवणापलीकडं हा शब्द गेलाच नाही असंही नाही. विसाव्या शतकात तुमकूरच्या एका मठानं अन्न, अक्षर आणि आसरा असा तिहेरी दासोह चालवला, म्हणजे शिकवणंही त्यात आलं. आमच्या भजनी मंडळात भांडण लागलं ते नेमकं इथंच.

वडगावात मागावर बसणारा एक माणूस संध्याकाळी पोरांना पखवाज शिकवायचा, फुकट. धुम्याला, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडाला, लावायची कणीक घरनं वाटीत घेऊन यायचा, बोटानं थापायचा आणि कान लावून बघायचा. २०२० च्या लॉकडाऊनला त्यानं मोबाईलवर शिकवायला घेतलं, लांबलांबची पोरं जोडली गेली, मग मंडळात विषय निघाला की फी का घेऊ नये. एक गट म्हणाला कायक म्हणजे पोटाचा धंदा, त्याचं कायक माग, पखवाज हा छंद, छंदाचा कसला दासोह. दुसरा म्हणाला जीव लावून करतो तेच खरं कायक. शब्दाच्या जुन्या अर्थानं पहिला गट चुकीचा नाही, पण मला तरी दुसराच पटतो, कारण माग चालवून उरलेला वेळ हीच त्याची रोजच्या मापातली शिदोरी होती.

शेवटी ठरलं काय, तर फी नाही, पखवाजाची पुडी (तोंडावरचं कातडं) आणि ती ताणायची वादी यांचा खर्च मंडळानं करायचा, कुणी पाकीट दिलं तर तेही त्यातच. त्याला सांगायला गेलो तर म्हणाला, "ह्याच्यावर मीटिंग करूलालाय व्हय तुमी?" आणि परत कणीक मळायला लागला.