‘येथवर’ या शब्दामागची गोष्ट

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या चर्चमध्ये वॉच नाइटची उपासना असते. साडेदहाला सुरू होते, दोन-तीन गाणी, शास्त्रपाठ, मग पाळक म्हणतात ज्यांना साक्ष द्यायची असेल, म्हणजे देवाने कसं सांभाळलं ते सांगायचं असेल, त्यांनी पुढे या, आणि एकेक जण उठतो. आमची मंडळी लहान, अलिबागच्या खाली रेवदंड्याच्या बाजूची पंधरा-वीस घरं, त्यामुळे कोण काय बोलणार हे अर्धं आधीच माहीत असतं, कोणाचं ऑपरेशन झालं, कोणाचा मुलगा बोटीवर लागला, कोणाच्या घरात या वर्षी माणूस गेलं, तरी सगळे मन लावून ऐकतात. आणि जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात एकच, "प्रभूने येथवर आणलं." मागे तरुण संघाच्या बायबल स्टडीत एका मुलीने विचारलं की हे येथवर येथवर सगळे का म्हणतात, घरी बोलताना तर कोणी येथवर म्हणत नाही, इथपर्यंत म्हणतात. प्रश्न साधाच होता पण त्याचं उत्तर खूप मागे जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

शब्द आलाय बायबलच्या जुन्या करारातल्या १ शमुवेल या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातून. पलिष्ट्यांशी लढाई झाली, इस्राएल लोक जिंकले, आणि शमुवेल संदेष्ट्याने मिस्पा आणि शेन यांच्या मधोमध एक धोंडा उभा केला, त्याला नाव दिलं एबन-एजर, म्हणजे साहाय्याचा धोंडा, आणि म्हणाला येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केलं. बस, एवढंच. जुन्या मराठी भाषांतरातला हा येथवर आपल्या आजी-पणजींच्या तोंडी बसला आणि तिथून आपल्या साक्षीत आला. कितीतरी ख्रिस्ती घरांच्या दारावर एबनेझर नाव लिहिलेलं दिसतं तेही इथूनच.

पण तीन अध्याय मागे जाऊन १ शमुवेल ४ वाचा. तिथेही एबन-एजर आहे. तिथे याच नावाच्या ठिकाणी इस्राएलांनी तळ दिला होता आणि ते हरले होते, एकदा नाही दोनदा, पहिल्यांदा चार हजार माणसं पडली, दुसऱ्यांदा तीस हजार, कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांची पवित्र पेटी, शत्रूने नेला, आणि ती बातमी ऐकून म्हातारा याजक एली आसनावरून मागे पडून मेला. त्यानंतर वीस वर्षं लोक परमेश्वरासाठी शोक करत राहिले असं सातव्या अध्यायात लिहिलंय. म्हणजे लिहिणाऱ्याने ज्या नावाशी सगळ्यात मोठी हार जोडलेली होती तेच नाव धोंड्याला दिलेलं आपल्यासमोर ठेवलंय. मला हे कळलं तेव्हा मी वॉच नाइटच्या साक्षी वेगळ्या कानाने ऐकायला लागलो, कारण आमच्याकडेही येथवर म्हणणारी माणसं बहुतेक करून त्या वर्षी काहीतरी गमावलेलीच असतात. देवाचा विश्वासूपणा आठवणं म्हणजे वर्षभरात काय काय चांगलं मिळालं याची यादी करणं, असं आपण मुलांना शिकवतो, पण शास्त्रात ते एवढं सोपं नाहीये. आठवण तिथे उभी राहते जिथे दुखलं होतं.

याच्या आधीचे धोंडे यहोशवा या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातले. इस्राएल लोकांनी यार्देन नदी ओलांडली ती कापणीच्या दिवसांत, तेव्हा नदी दोन्ही काठ भरून वाहत असते असं मुद्दाम लिहिलंय. आपल्याला हे समजायला सोपं आहे, जुलैमधली कुंडलिकेची खाडी ज्यांनी बघितलीये त्यांना भरलेलं पाणी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. नदीच्या मधून बारा जणांनी बारा धोंडे खांद्यावर आणले आणि गिलगालला मांडले, कशासाठी, तर पुढे मुलं विचारतील की या धोंड्यांचा अर्थ काय. वल्हांडण या सणाचंही तसंच आहे, निर्गम १२ मध्ये मुलं विचारतील या विधीचा अर्थ काय, तेव्हा सांगा. सगळी व्यवस्थाच मुलांच्या प्रश्नासाठी केलेली. शास्ते या पुस्तकात, २:१० मध्ये लिहिलंय की ती पिढी गेल्यावर दुसरी पिढी आली तिला परमेश्वराची ओळख नव्हती, म्हणजे धोंडे असून लोक विसरले, सांगणारं कोणी राहिलं नाही म्हणून. अजून एक बारीक गोष्ट, यहोशवाने बारा धोंडे नदीच्या तळाशीपण उभे केले, याजक जिथे उभे होते तिथे. पाणी परत आल्यावर ते कोणाला दिसणार होते? मला त्याचं उत्तर माहीत नाही पण ते चार वेळा वाचूनही मनातून जात नाही.

आता शब्दाकडे येऊ, कारण विश्वासूपणा हा आपला शब्द जरा पातळ वाटतो. हिब्रूत एमुना. मोशेच्या पाच पुस्तकांत तो पहिल्यांदा येतो एका लढाईच्या जागी, निर्गम १७ मध्ये, अमालेकाशी लढाई चालू आहे, मोशे टेकडीवर हात वर करून उभा, हात खाली आले की इस्राएल मागे पडतात, मग त्याला धोंड्यावर बसवून अहरोन आणि हूर दोन बाजूंनी त्याचे हात धरतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. तो स्थिर म्हणजे एमुना. म्हणजे न हलणारे, न सुटणारे हात. आणि याच धातूतून आमेन आला. आपण दिवसातून किती वेळा म्हणतो आमेन, घाईघाईत, जेवायच्या आधी. आठवण्यासाठी हिब्रू शब्द जाखार, त्याचंही तसंच, उत्पत्ती ८ मध्ये देवाने नोहाची आठवण केली असं येतं आणि लगेच वारा सुटतो आणि पाणी ओसरायला लागतं, आठवण आली म्हणजे पुढे काहीतरी हललंच पाहिजे.

मोशेच्या पाच पुस्तकांतलं शेवटचं पुस्तक म्हणजे अनुवाद, त्याचा २६ वा अध्याय हा मला सगळ्यात आपल्याकडचा वाटणारा भाग. नवीन पिकातलं पहिलं टोपलीत घालून आणायचं, याजकासमोर ठेवायचं, आणि तोंडाने म्हणायचं, माझा पूर्वज भटकणारा अरामी होता, तो मिसर देशात गेला, तिथे आम्हांला छळलं, आम्ही ओरडलो, परमेश्वराने ऐकलं. टोपली हातात आणि गोष्ट तोंडात, दोन्ही पाहिजेत. कोकणात भात कापलं की नवं बांधतात, लोंब्यांचं तोरण दाराला लागतं, आपले हिंदू शेजारी ते करतात, आणि आमच्या चर्चमध्ये त्याच सुमाराला हंगामाचा सण असतो, लोक नारळ, सुपारी, वालाच्या शेंगा, भाताची पेंडी, कोणी कोंबडी आणतं, उपासनेनंतर लिलाव होतो, एक भोपळा पाचशेला जातो आणि सगळ्यांना आनंद होतो. पण टोपली राहिली आणि गोष्ट गळाली असं मला वाटतं, कारण हल्ली कोणी म्हणत नाही आम्ही कोण होतो आणि कुठून आलो. अनुवाद ८ मध्ये तर स्पष्ट सांगितलंय की चाळीस वर्षं कशी चालवली ते आठव, तुला उपाशी ठेवलं तेही आठव आणि मान्ना नावाचं अन्न दिलं तेही.

विलापगीताचं थोडक्यात सांगतो. ख्रिस्तपूर्व ५८६ च्या आसपास यरुशलेम पडलं, मंदिर जळलं, त्यानंतरचं हे पुस्तक. त्याची दया दररोज सकाळी नवी होते, तुझी सत्यता मोठी आहे, हे वचन आपण कॅलेंडरवर छापतो, ते या पाच अध्यायांच्या बरोबर मधल्या अध्यायात आहे आणि त्याच्या तीन-चारच ओळी वर कडू दवणा आणि विष आहे. पुढे प्रभू येशूने शेवटच्या रात्री भाकर मोडली आणि म्हणाला माझ्या स्मरणार्थ हे करा, तीही रात्र धरून देण्याची होती, पौल करिंथकरांना मुद्दाम त्याच शब्दांत आठवण करून देतो. वॉच नाइट मात्र पुष्कळ अलीकडची, जर्मनीतल्या हेर्नहूटच्या मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या लोकांनी १७३३ मध्ये वर्षाच्या शेवटच्या रात्री अशी उपासना केली आणि पुढे १७४० च्या दशकात वेस्लींच्या मेथडिस्ट लोकांनी रात्र जागवण्याची पद्धत उचलली, मग मिशनऱ्यांबरोबर ती सगळीकडे गेली.

पण आपल्या किनाऱ्यावर ही आठवण मिशनरी यायच्या कितीतरी आधीपासून जागी होती आणि हे आपण ख्रिस्ती लोक फार कमी बोलतो. अलिबागजवळ नवगाव. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज जहाज फुटून इथे किनाऱ्याला लागले, सात जोडपी वाचली, बाकीच्यांना तिथेच पुरलं. पुस्तकं गेली, भाषा गेली, मराठी बोलायला लागले, तेलाचे घाणे चालवायला लागले, गावावरून आडनावं घेतली, पेणकर, रोहेकर, किहीमकर. काय राहिलं? शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आणि शमा राहिला, हे इस्राएला ऐक, अनुवाद ६, तोच अध्याय ज्यात मुलांच्या मनावर बिंबव, घरी बसलेला असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना बोल असं सांगितलंय. बाकी सगळं समुद्रात गेलं तरी हे एवढं पुरेसं ठरलं. अलिबागला इस्राएल आळी आहे, रेवदंड्याला बेथ एल सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनामंदिर आहे, आणि खंडाळे गावात एक खडक आहे, तिथे एलीया संदेष्ट्याच्या रथाची खूण आहे अशी त्यांची श्रद्धा, इस्राएलला गेलेली माणसंही सुट्टीत येऊन तिथे पोहे, गूळ, खोबरं, फळं घालून मलिदा करतात. मी लहानपणी बाबांबरोबर तिथे गेलोय. बाबा म्हणाले, चपला काढ, ही त्यांची आठवण आहे आणि त्यांच्या शास्त्राचं अर्धं आपलंही आहे.

आपली लिखित परंपरा बघायची तर फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडहून १५७९ ला गोव्यात आलेले जेझुइट, त्यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं, सुमारे ११,००० ओव्या. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती आणि त्या जागी म्हणायला-ऐकायला त्यांच्या भाषेत काही नव्हतं, ही त्यामागची गरज. त्यांनी येशूच्या जन्मापासून सुरुवात केली नाही. पहिलं पुराण सगळं सृष्टीपासून मसीहाच्या वाटेपर्यंत, म्हणजे देवाने आधी काय काय केलं ते, आणि मग दुसरं पुराण. आठवण आधी, आणि तीही ओवीत, म्हणजे अक्षर न येणाऱ्या बाईलाही ऐकून पाठ व्हावी.

आमच्या शेजारच्या कोर्लई गावाचं तर आपण रोज बघतो. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, किल्ला पडीक झाला, पण डोंगराखालची वाडी राहिली, कार्मेल मातेचं चर्च राहिलं आणि ती माणसं आजही घरात पोर्तुगीजमधून झालेली आपली बोली बोलतात, नो लिंग म्हणतात तिला, आमची भाषा. आम्ही प्रॉटेस्टंट, ते कॅथलिक, पण सत्ता निघून गेल्यावरही जी प्रार्थना टिकते तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

स्कॉटिश लोकांचं प्रॉटेस्टंट मिशन कोकणात आलं १८२३ ला, रत्नागिरी जिल्ह्यात, आधी बाणकोट, मग हर्णे. पहिलाच मिशनरी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारला. पुढे जॉन विल्सन १८२९ मध्ये आले, मराठी शिकायला त्याच बाजूला राहिले, आणि त्यांनी बेने इस्राएल लोकांसाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं, म्हणजे शमा पाठ असलेल्या लोकांना त्याची अक्षरं परत वाचता यायला लागली. फार वर्षं न टिकलेली ती ठाणी, मिशन पुण्याकडे हललं, कागदावर बघितलं तर अपयशच.

आणि मग याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ मध्ये कवी नारायण वामन टिळक जन्मले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, घर तुटलं, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, नंतर त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी साक्षीला अभंग दिला, कीर्तन दिलं, त्यामुळे आज आमच्या चर्चमधली म्हातारी बाई भाषण करू शकत नाही पण टाळ घेऊन आपली साक्ष गाऊ शकते. आणि लक्ष्मीबाईंनी जे स्मृतिचित्रे हे आत्मचरित्र लिहिलं त्यात त्या भांडणं, उपासमार, प्लेग, विरह काही लपवत नाहीत, देवाने सांभाळलं हे त्या सगळ्याच्या आतूनच येतं. मला विचाराल तर मराठीतली सगळ्यात लांब वॉच नाइटची साक्ष तीच.

आमच्या घरी एक वही आहे. बाबा दर ३१ डिसेंबरला दुपारी ती काढतात आणि वर्षाचं लिहितात, चार-पाच ओळी, रात्री चर्चमध्ये तेच वाचतात. २०२० च्या पानावर, ३ जूनला निसर्ग वादळ आलं त्याबद्दल एवढंच आहे, "कौलं गेली. सतरा माड, सुपारी सगळी. लाइट बावीस दिवस नाही. शेजारच्या काकींनी पहिल्या दिवशी भात पाठवला. आम्ही पाचही जण आहोत. येथवर." शेजारच्या काकी हिंदू, त्यांचंही छप्पर गेलं होतं. पुढच्या पानावर आईचं जाणं आहे आणि तिथेही शेवटचा शब्द तोच, फक्त अक्षर वाकडं झालंय.

गेल्या दोन वर्षांपासून बाबांचा हात थरथरतो, पेन धरवत नाही. गेल्या ३१ तारखेला दुपारी ते ओटीवर आरामखुर्चीत बसले आणि माझी पुतणी, सातवीतली, वही मांडीवर घेऊन बाजूला बसली. ते सांगत होते, ती लिहीत होती, मधेच थांबून विचारत होती की आजोबा हे कोण, हे कधी झालं, आणि बाबा मागची पानं उलटायला लावून तिला सांगत होते. चार ओळी लिहायला संध्याकाळ झाली.