पार्श्वभूमी : पावतीवरचं नाव आणि आतली कडी

तिशीतली मुलगी आई-वडिलांकडे राहून ‘मला माझी जागा हवी’ म्हणते, तेव्हा ती एकांताबद्दल बोलत असते. मुंबईत मात्र ‘जागा’ म्हटलं की घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी भाडेपावती, म्हणजे खोलीवरचा हक्क, आठवते. घरोघरची निम्मी भांडणं या दोन अर्थांच्या गोंधळातून होतात, असं माझं मत आहे.

गिरणगावात सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. पुरुष गाळ्यात दाटीवाटीनं राहायचे, खानावळीत जेवायचे, बायका-पोरं गावी. पुढे संसार आले, पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली मात्र १६० चौरस फुटांचीच राहिली. एकांत मिळायचा तो पाळीनुसार. एक भाऊ रातपाळीला गेला की दुसऱ्याला पाय पसरता येत. पोटमाळा नव्या जोडप्याचा, गॅलरी तरण्या पोरांची, कपडे बदलायला मोरीचा पडदा. सासू दुपारी भाजी निवडायला मुद्दाम शेजारी जाऊन बसायची, आणि ती का गेली हे सगळ्यांना माहीत असूनही कुणी बोलायचं नाही. लग्न न झालेल्या मुलीसाठी मात्र अशी कोणतीच सोय नव्हती. तिच्या वाट्याला ट्रंकेचं कुलूप.

एवढ्या अडचणीतही मुलं बाहेर का पडली नाहीत? याचं उत्तर संस्कारांत शोधायची आपली सवय आहे. मला ते १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यात जास्त दिसतं. प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला घेता येणारं कमाल भाडं, १ सप्टेंबर १९४०च्या भाड्याशी बांधलं गेलं, त्यामुळे जुनी खोली सोडणं म्हणजे शुद्ध नुकसान. त्यातच वारसाची व्याख्या आली. भाडेकरू वारला तर हक्क कुणाकडे? मृत्यूच्या वेळी त्याच्या ‘सोबत राहणाऱ्या’ कुटुंबीयाकडे. एकमत नसेल तर न्यायालय ठरवणार.

हे दोन शब्द वरवर साधे. पण डोंबिवलीत ब्लॉक घेतलेला, रेशनकार्डावर नाव तसंच ठेवलेला आणि गणपतीचे दिवस चाळीत काढणारा मुलगा ‘सोबत राहणारा’ की नाही? आखातात नोकरी करून घरभाडं पाठवणारा? लग्न होऊन गेलेली, पण वडिलांच्या आजारपणात सहा महिने येऊन राहिलेली लेक? ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानंही ही अट काढली नाही. सोबत राहणारं कुणीच नसेल तरच इतर वारसांचा विचार. म्हणजे घरात अंथरूण टाकत राहणं हाच हक्काचा पुरावा. वेगळी चूल मांडणाऱ्याला भावंडं ‘तू गेलास ना’ म्हणायची ती नुसती रुसून नव्हे. स्वतःची खोली मागणाऱ्या मुलाला वडिलांच्या खोलीवर पाणी सोडायला लावणारी ही तरतूद मला तरी अन्यायाची वाटते. घरमालकांची बाजू वेगळी असेल.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बाहेर पडण्याची उरलीसुरली ऐपतही अनेकांची गेली. नंतरचे बदल भराभर आले. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं सुनेला सासरच्या सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या आधारे आई-वडील मुलांनाच घराबाहेर काढण्यासाठी अर्ज करू लागले. हे दोन्ही कायदे एकमेकांवर आदळले, तेव्हा सुनेचा हक्क ज्येष्ठांच्या झटपट कारवाईत डावलता येणार नाही, असा निकाल डिसेंबर २०२०मध्ये आला. त्याच वर्षी टाळेबंदीत एकाच हॉलमध्ये मुलाची मीटिंग आणि वडिलांची मालिका सुरू होती.

पुनर्विकासातही हिशेब पावतीचाच राहिला. माणसं कितीही असोत, एका खोलीमागे एक घर. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ भाडेकरूंना प्रत्येकी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० फुटांतून आलेल्याला हे मोठंच. आत दार लावता येईल अशा दोन खोल्या आहेत. एक आई-वडिलांची, दुसरी थोरल्याची. धाकटा अजून हॉलमध्येच झोपतो, नाहीतर विरारला भाड्यानं राहतो, आणि रेशनकार्डावरचं नाव काढू देत नाही.