फोंतेन्हासमधली घरं ‘पोर्तुगिजांची’ नव्हेत

पणजीत फोंतेन्हास या जुन्या वस्तीत फिरायला आलेल्या पाहुण्यांना हमखास ऐकवलं जातं, ‘ही सगळी पोर्तुगिजांची घरं.’ वर्षानुवर्षं चालत आलेली ही समजूत चुकीची आहे, आणि घरं बांधणाऱ्यांवर अन्याय करणारीही.

पोर्तुगालहून आलेली माणसं गोव्यात कायम मूठभरच होती. ही वस्ती १८व्या शतकाच्या अखेरीस ज्याच्या माडांच्या बागेत वाढली, तो आंतोनियु जुआंव सिकेरा हा मोझांबिकमध्ये पैसा कमावून परतलेला गोमंतकीय. म्हणून तर लोक त्याला ‘मोसमीकार’, म्हणजे मोझांबिककर, म्हणत.

एखादी जुनी खिडकी जवळून पाहा. काचेच्या जागी शिंपल्यांचे पातळ तुकडे, चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत सरकवलेले. ऊन आत येतं ते दुधाळ होऊन. बाहेरून मात्र आतलं काही दिसत नाही. भिंती इथल्या चिऱ्याच्या, गिलावा चुन्याचा. कमानी आणि कठडे युरोपीय वळणाचे आहेत, ते नाकारायचं कारण नाही. पण वळण घेतलं म्हणून घर परक्याचं होत नाही.

जुन्या सचिवालयाशेजारचा म्हामाय कामतांचा वाडा तर हिंदू व्यापारी घराण्याचा. या घराण्याच्या व्यापाराचे जुने कागद पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात अभ्यासकांसाठी जपलेले आहेत. गोव्याच्या घरांची ही वेगळी परंपरा सविस्तर पाहायची असेल, तर वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी बार्देशात तोर्डा इथं खास घरांचंच संग्रहालय उभारलंय.