जतन आणि जीर्णोद्धार: एल साल्वादोरमधला पिरॅमिड आणि कुडाची घरं

मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या देशाच्या पश्चिम भागात दोन प्रसिद्ध पुरातत्त्वीय स्थळं आहेत. चालचुआपा गावात तासुमालचा पिरॅमिड आहे, सुमारे 24 मीटर उंच. दुसरं स्थळ होया दे सेरेन, म्हणजे राखेखाली गाडलं गेलेलं एक शेतकऱ्यांचं खेडं. दोन्ही ठिकाणी ‘वारसा जपला’ असं सरसकट म्हटलं जातं. खरं तर एका ठिकाणी जीर्णोद्धार झाला आणि दुसऱ्या ठिकाणी जतन चालू आहे. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची गल्लत चांगलीच महाग पडते.

जतन म्हणजे जे उरलंय त्याची झीज रोखून धरणं. जीर्णोद्धार म्हणजे गेलेलं रूप परत आणणं. जतन नीट झालं तर काही केलंय हे बघणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. जीर्णोद्धाराचा मात्र आधीचा आणि नंतरचा फोटो निघतो. त्यातून आपल्याकडे जीर्णोद्धार म्हणजे पुण्यकर्म, त्यामुळे या शब्दाकडे संशयानं बघायची सवयच नाही. 1964 च्या व्हेनिस सनदेनं, म्हणजे वारसा जतनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्यानं, मात्र मर्यादा घातली: अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

तासुमालला नेमकं काय झालं? पुरातत्त्वज्ञ स्टॅनली बॉग्ज यांनी 1940 च्या दशकात तिथे खोदकाम सुरू केलं आणि मग पिरॅमिडला पायऱ्या-टप्प्यांचं सलग रूप देण्यासाठी बाहेरून सिमेंटचा थर चढवला. त्या काळी सिमेंट हाच टिकाऊपणाचा अर्थ होता, त्यामुळे हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. चूक होती ती सामानाची. आतला गाभा दगड-मातीचा, पाणी शोषणारा आणि सोडणारा. वरचं कवच ताठ आणि पाणी कोंडून ठेवणारं. ऊन-पावसात दोन्ही सारख्या प्रमाणात फुगत-आकसत नाहीत, म्हणून कवचाला केसाएवढ्या चिरा पडतात. पाणी चिरेतून आत शिरतं, पण बाष्प होऊन बाहेर पडायला त्याला पृष्ठभागच उरलेला नसतो. माती जड होते, तिचा चिकटपणा जातो, आतून दाब वाढतो. हे सगळं कवचामागे घडतं, त्यामुळे बाहेरून सगळं ठणठणीत दिसतं. 2004 च्या पावसात मुख्य पिरॅमिडला लागून असलेल्या धाकट्या वास्तूचा काही भाग कोसळला.

चुन्याचा गिलावा इथे वेगळा का वागतो? तो श्वास घेतो, म्हणजे ओल बाष्प होऊन बाहेर पडू देतो. शिवाय तो गाभ्यापेक्षा मऊ असतो, म्हणजे फुटायचंच झालं तर तो फुटतो, मूळ दगड-माती नाही. साधारण एक भाग मुरलेला चुना आणि तीन भाग वाळू, पातळ थरांत, प्रत्येक थर काही दिवस ओलसर ठेवून. घाईत एकच जाड थर दिला की वरून सुकतो, आत कच्चा राहतो आणि पापुद्रे सुटतात. दर काही वर्षांनी तो पुन्हा करावा लागतो. नेमकं हेच अंदाजपत्रकात बसत नाही, म्हणून सिमेंट जिंकतं.

आता होया दे सेरेन. सुमारे 1400 वर्षांपूर्वी लोमा काल्देरा या ज्वालामुखीचा उद्रेक झाला, गावावर कित्येक मीटर राख साचली आणि घरं, भांडी, शेतातली पिकंसुद्धा जिथल्या तिथे राहिली. 1976 मध्ये धान्याच्या कोठारांसाठी सपाटीकरण चालू असताना बुलडोझरला घर लागलं. 1978 पासून पुरातत्त्वज्ञ पेसन शीट्स यांनी शास्त्रीय खोदकाम केलं. 1993 मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत आलं. भिंती कोकणातल्या जुन्या घरांसारख्याच: काड्यांचा कूड आणि वर मातीचा लेप. इथे जीर्णोद्धार करायचा तर नव्या मातीची नवी घरं उभी करावी लागतील, आणि मग मूळ काय उरलं?

म्हणून इथे जतन चालतं, आणि ते ‘काही न करणं’ अजिबात नव्हे. राखेखाली ओलावा जवळपास स्थिर होता. उघड्यावर मे ते ऑक्टोबर पाऊस आणि नंतर सहा महिने कोरडा काळ. वर छप्पर घालून थेट पाऊस अडतो, पण जमिनीतली ओल वर चढतच राहते. ती भिंतीच्या पृष्ठभागावर सुकते तिथे क्षार स्फटिक होऊन मातीचा कण-कण सोलतात. हे पांढरे क्षार पाण्यानं धुणं ही नेहमीची चूक: पाण्यात विरघळून ते परत आत जातात. मऊ ब्रशनं कोरडेच झाडायचे. भेग भरताना त्याच जागेची चाळलेली माती वापरायची, भेगेच्या कडा किंचित ओलावायच्या आणि पातळ गारा (पाण्यात कालवलेली माती) खालून वर भरत न्यायचा. पाणी जास्त झालं तर गारा आकसतो आणि जुन्या भेगेशेजारी नवी पडते. त्याआधी भेगेच्या टोकांना तारखेसह खुणा करून ती वाढतेय का हे बघायचं. वाढती भेग भरणं म्हणजे निव्वळ लपवणं.

इथे ओळखलेल्या 18 वास्तूंपैकी 10 च पूर्ण किंवा अर्धवट खोदल्या आहेत. बाकीच्या राखेतच असणं हा आळस नाही. राखेइतकं चांगलं छप्पर कुणी बांधलेलं नाही. खोदलेलं पुन्हा पुरायचं झालं, तर आधी पाणी जाऊ देणारं कापड अंथरायचं आणि वर चाळलेली माती. प्लॅस्टिक घातलं की तासुमालचंच दुखणं जमिनीखाली सुरू होतं.

संरक्षणाच्या नावाखाली चढवलेला थरच डोईजड झाल्याचं उदाहरण अजिंठ्यातही आहे: 1920 च्या दशकात निजामाच्या राजवटीत इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर दिलेलं शेलॅकचं (लाखेचं) वार्निश पिवळं पडलं, आणि ते काढण्याचं काम पुढे कित्येक वर्षं करावं लागलं.

तासुमालसारख्या पिरॅमिडवरचं सिमेंट काढायचं म्हटलं तरी एका झटक्यात जमत नाही. मागची माती ओली असेल तर ते कवचच तिला धरून असतं. म्हणून आधी पाण्याचा निचरा, मग कोरड्या महिन्यांत एकेक छोटा पट्टा उघडायचा, मागे काय सापडतं त्याचं मोजमाप आणि छायाचित्र घ्यायचं आणि तो चुन्यानं झाकून मगच पुढच्या पट्ट्याला हात लावायचा.