दोन सर्व्हर खरंच दोन असतात का?

होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याची जागा, घेताना '९९.९ टक्के अपटाइम' (साइट चालू राहण्याचा वेळ) असं वाचलं की माणूस निर्धास्त होतो. उरलेल्या ०.१ टक्क्याचा हिशेब मांडून बघा. वर्षाचे तास ८,७६०, त्याचा हजारावा भाग पावणेनऊ तास. ऐन विक्रीच्या दिवशी ते सलग आले तरी वर्षाच्या हिशेबात तो आकडा खराच ठरतो. पुढे आणखी एक नऊ जोडला, ९९.९९ केले, तर मात्र साइट वर्षभरात जेमतेम ५३ मिनिटं बंद राहील.

हा जास्तीचा नऊ एकाच भक्कम, महागड्या सर्व्हरमधून सहसा मिळत नाही. तो मिळतो गुणाकारातून. एक सर्व्हर शंभरातला एक तास बंद राहत असेल, तर तसेच दोन सर्व्हर एकाच वेळी बंद असण्याची शक्यता दहा हजारांत एक. त्यांच्यापुढे येणारे ग्राहक दोघांत वाटून देणारा लोड बॅलन्सर बसतो. तो दर काही सेकंदांनी दोघांना हाक मारतो आणि जो ओ देत नाही, त्याच्याकडे ग्राहक पाठवणं थांबवतो. पण ही हाक कशी मारली जाते, याकडे फार कमी लोक बघतात. नुसतं मुखपृष्ठ उघडतंय का एवढंच विचारलं, तर डेटाबेस अडकलेला सर्व्हरही खुशाल ओ देतो आणि ग्राहकाची ऑर्डर मात्र फिरतच राहते. म्हणून त्या तपासणीत डेटाबेसमधून एखादी छोटी नोंद वाचून आणायला सांगावं.

या गुणाकाराला एक अट आहे, आणि माझ्या मते सगळं तिथंच अडतं: दोघांची बंद पडण्याची कारणं वेगळी हवीत. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथं ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला, म्हणजे सर्व्हर ठेवण्याच्या आवाराला, आग लागली आणि एक अख्खी इमारत जळून गेली. काही ग्राहकांच्या साइट आणि त्यांचे बॅकअप एकाच आवारात होते. दोन्ही गेले.

आग निदान दिसते तरी. दोन सर्व्हरना जोडणारे न दिसणारे सांधे जास्त धोक्याचे. साइट खरी असल्याची ब्राउझरला खात्री देणारं सुरक्षा प्रमाणपत्र दोन्ही सर्व्हरवर सहसा एकच असतं, त्याची मुदत दोन्हीकडे एकाच सेकंदाला संपते. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, तर एकच असणार. त्याच्या नूतनीकरणाचा मेल कधीच नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर जात असेल, तर दहा सर्व्हर असूनही काही उपयोग नाही.

बॅकअपचंही तेच. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या सेवेचा एक अभियंता रात्री उशिरा डेटाबेसची दुसरी प्रत दुरुस्त करत होता. ती प्रत रिकामी करण्याची आज्ञा त्यानं चुकून मुख्य सर्व्हरवर दिली. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचारच उरले होते. नेहमीच्या बॅकअपकडे धाव घेतली, तर बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नसल्यामुळे तो होतच नव्हता, आणि तसं कळवणारे मेल वाटेतच नाकारले जात होते. वाचवलं ते त्याच अभियंत्यानं सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हातानं काढून ठेवलेल्या प्रतीनं. मधल्या सहा तासांतल्या नोंदी गेल्याच. एवढी मोठी चूक त्यांनी लोकांपुढे तपशिलानं मांडली, याचा मला फार आदर वाटतो. तेव्हापासून बॅकअप 'झाला' हा संदेश मी पुरेसा मानत नाही. एखाद्या रिकाम्या मशीनवर तो उतरवून, साइट त्यावर चालवून बघायची आणि किती वेळ लागला तो लिहून ठेवायचा. साइट कोसळेल तेव्हा 'किती वेळात परत येईल' याचं ग्राहकाला द्यायचं उत्तर हेच.

शेवटचा सांधा लक्ष ठेवणाऱ्याचा. साइट बंद पडल्याचा इशारा देणारी यंत्रणा त्याच सर्व्हरवर असेल, तर इशारा द्यायला कुणी उरत नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका आज्ञेतल्या टायपिंगच्या चुकीमुळे ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा काही तास कोलमडली. सेवांची स्थिती दाखवणारं ॲमेझॉनचं पान त्याच एस-थ्रीवर अवलंबून होतं. ते बराच वेळ बदलताच येईना, आणि सेवा बंद असल्याचं कंपनीला ट्विटरवरून कळवावं लागलं.